बोल प्रोसेसर : तबल्याच्या व्याकरणापासून ताडकळसच्या ओवीपर्यंत

संगीतरचनेसाठी वापरल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरचे ढोबळमानाने दोन वर्ग पडतात. पहिल्या वर्गातील सॉफ्टवेअर संगीतकाराच्या मनात तयार असलेली रचना स्वरलिपीत सुबकपणे मांडून देते. १९९६ मध्ये सुरू झालेले लिलीपाँड आणि २००२ पासून आकाराला आलेले म्यूझस्कोर ही या वर्गातील प्रसिद्ध उदाहरणे होत. दुसऱ्या वर्गातील सॉफ्टवेअरला तयार रचना दिली जात नाही, तर ती ज्या नियमांनी घडते ते नियम दिले जातात आणि त्या नियमांत बसणाऱ्या रचना ते स्वतः घडवून दाखवते. ‘बोल प्रोसेसर’ हे या दुसऱ्या वर्गातील मुक्तस्रोत सॉफ्टवेअर आहे, म्हणजे त्याची मूळ संहिता कोणालाही वाचता, बदलता आणि विनामूल्य वापरता येते. त्याचा उगम लखनौ घराण्याच्या तबल्यात आहे, त्याच्या वाढीचा काही भाग मुंबईत घडला, आणि ज्यांनी ते रचले त्या बर्नार्ड बेल या फ्रेंच संगणकतज्ज्ञ व संगीत-संशोधकाने पुढे महाराष्ट्रातील जात्यावरच्या ओव्यांचे जे ध्वनिमुद्रण केले, त्यात परभणी जिल्ह्यातील ताडकळसचाही समावेश आहे. तबल्यासाठी आणि ओवीसाठी एकाच माणसाने संगणकाचा उपयोग किती वेगवेगळ्या रीतीने केला, हे पाहिले म्हणजे संगीतातील नियम, त्यांची चाचणी आणि ती चाचणी घेण्याचा अधिकार यांचा परस्परसंबंध स्पष्ट होतो.

या सॉफ्टवेअरच्या नावात त्याचा पहिला उपयोग सांगितलेला आहे. जेम्स किपेन हे ब्रिटिश संगीत-मानवशास्त्रज्ञ १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला लखनौ घराण्याचे खलिफा उस्ताद आफाक हुसेन खाँ यांच्याकडे तबला शिकत होते (त्यांचा या घराण्यावरील इंग्रजी ग्रंथ १९८८ मध्ये केंब्रिज विद्यापीठाने प्रसिद्ध केला), आणि तालमीत वेगाने बोलले जाणारे बोल लिहून घेण्याची त्यांना अडचण पडत असे. बेल यांनी ॲपल दोन या छोट्या संगणकासाठी असा कार्यक्रम लिहिला की ज्यात एक कळ दाबली असता एक अक्षर न उमटता ‘धा’, ‘तिट’, ‘धिन’ असा अख्खा बोल उमटावा. मजकुरासाठी जसा वर्ड प्रोसेसर, तसा बोलांसाठी बोल प्रोसेसर. मात्र लिहून घेण्याची सोय होताच पुढचा प्रश्न उभा राहिला : उस्ताद ज्या नियमांनी एका कायद्यातून, म्हणजे मूळ बोलरचनेतून, शेकडो पलटे, म्हणजे तिचे प्रकार, काढतात, ते नियम यंत्राला सांगता येतील का?

हा प्रश्न महाराष्ट्राला परिचित असलेल्या स्वरलेखनाच्या प्रश्नाहून वेगळा आहे. कुरुंदवाडला जन्मलेले विष्णु दिगंबर पलुसकर आणि मुंबईला जन्मलेले विष्णु नारायण भातखंडे यांनी आपापल्या स्वरलेखनपद्धती घडवल्या, आणि भातखंड्यांच्या ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या ६ भागांमुळे घराण्यांच्या बंदिशी छापील पानावर आल्या, परंतु स्वरलिपी जी रचना झाली आहे तिची नोंद करते, आणि जी होऊ शकेल तिच्याविषयी ती काही सांगत नाही. गायक किंवा वादक बैठकीत जे वाढवतो, ते पुस्तकातील बंदिशीत लिहिलेले नसते, तरीही ते मनमानी नसते. भाषेत जशी वाक्ये अगणित असून व्याकरण मर्यादित असते, तसे तबल्यातही काही मोजक्या नियमांमधून अगणित पलटे निघत असावेत, या गृहीतकावर बेल आणि किपेन यांनी काम सुरू केले, आणि त्यासाठी भाषाशास्त्रातील ‘रूपात्मक व्याकरणा’चा, म्हणजे एका चिन्हाच्या जागी दुसरी चिन्हे ठेवत जाणाऱ्या नियमसंचाचा, आधार घेतला.

हे नियम कसे चालतात ते तबल्याच्या प्राथमिक शिक्षणातील एका कायद्यावरून समजून घेता येईल. ‘धा धा तिट धा धा तूना । ता ता तिट धा धा धीना’ या कायद्याच्या पहिल्या ओळीत डग्ग्याची आस असलेले भरीचे बोल आहेत, तर दुसरी ओळ खालीने सुरू होते, म्हणजे तिथे डग्गा बंद होऊन ‘धा’ च्या जागी ‘ता’ येतो. आता व्याकरणात पुढील नियम लिहिले असे मानू : पलटा म्हणजे तीन तुकडे आणि एक शेवट, तुकडा म्हणजे ‘धा धा तिट’, ‘तिट धा धा’ किंवा ‘तिट तिट’ यांपैकी एक, शेवट म्हणजे ‘धा धा तूना’. तीन जागा आणि प्रत्येक जागी तीन पर्याय, म्हणून या तीन ओळींच्या व्याकरणातून भरीचे २७ पलटे निघतात. त्यांतील बहुतेक ठीक वाटतात, परंतु तीनही जागी ‘तिट तिट’ आले असता मात्रांचा हिशेब बरोबर असूनही कायद्याचा चेहराच हरवतो. अशा वेळी नियमाला वजन द्यावे लागते : बोल प्रोसेसरमध्ये प्रत्येक नियमाला एक अंक जोडता येतो, तो अंक जितका मोठा तितकी त्या नियमाची निवड होण्याची शक्यता अधिक, आणि नियम एकदा वापरला गेला की त्याचे वजन कमी होत जावे अशीही व्यवस्था करता येते.

खालीचा भाग आणखी नाजूक आहे. तो वेगळा लिहावा लागू नये म्हणून बोल प्रोसेसरमध्ये दोन प्रकारचे कंस योजले आहेत. एका कंसातील मूळ तुकड्याची दुसऱ्या कंसात आपोआप नक्कल होते, आणि नक्कल होताना ‘धा’ चा ‘ता’, ‘गे’ चा ‘के’ असा बदल घडतो. हा बदल संपूर्ण ओळीवर लावला तर यंत्र ‘ता ता तिट ता ता तूना’ असे लिहून मोकळे होईल, आणि ते कोणत्याही तबलजीला खटकेल, कारण खालीच्या ओळीचा उत्तरार्ध पुन्हा भरीत येऊन समेची, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेची, चाहूल देतो, अशी या कायद्याची रीत आहे. म्हणजे ‘खालीत डग्गा बंद’ हा वर्गात सांगितला जाणारा नियम अपुरा आहे. तो नेमका कुठपर्यंत लागू आहे हे हाताला ठाऊक असते, पण सांगितले जात नाही. यंत्राला अध्याहृत काहीच कळत नसल्यामुळे असे न सांगितलेले नियम उघडे पडतात, आणि संशोधनाच्या दृष्टीने बोल प्रोसेसरचे खरे मोल तिथेच आहे.

यावरून या सॉफ्टवेअरच्या चाचणीचे स्वरूपही लक्षात येते. सर्वसाधारण सॉफ्टवेअरची चाचणी म्हणजे अपेक्षित उत्तर आधी लिहून ठेवणे आणि कार्यक्रमाचे उत्तर त्याच्याशी ताडून पाहणे. परंतु पलट्याचे ‘अपेक्षित उत्तर’ कोणत्याही पुस्तकात नसते. म्हणून किपेन यंत्राने घडवलेले पलटे उस्तादांसमोर ठेवत आणि उस्ताद ते ग्राह्य की अग्राह्य ते सांगत. नापसंती आली की व्याकरणातील कोणत्या नियमामुळे तो पलटा निघाला हे शोधून नियम बदलला जाई. उलट दिशेनेही परीक्षा होई : उस्तादांनी स्वतः वाजवलेला पलटा यंत्राला दिला जाई आणि आपल्या नियमांतून तो निघू शकतो का, हे यंत्र तपासत असे. पहिल्या परीक्षेत व्याकरण किती सैल आहे ते कळते, दुसरीत ते किती आवळलेले आहे ते कळते. अशा तऱ्हेने ज्याच्या कलेचे वर्णन करायचे त्यालाच त्या वर्णनाचा परीक्षक करणे ही या प्रयोगामागची पद्धतशास्त्रीय भूमिका होती. पुढे ‘कवायद’ या नावाचा दुसरा कार्यक्रमही रचला गेला. ‘कवायद’ हे ‘कायदा’ या शब्दाचेच अनेकवचन असून त्याचा अर्थ व्याकरण असाही होतो. हा कार्यक्रम उदाहरणांवरून स्वतः नियम अनुमानित करी आणि शंका आल्यास जाणकाराला प्रश्न विचारी.

बोल प्रोसेसरची दुसरी आवृत्ती मॅकिंटॉश संगणकासाठी तयार झाली आणि तिच्यात बोलांच्या जागी कोणताही ध्वनी घेता येऊ लागला. मिडी या वाद्ये व संगणक यांच्यातील संकेतपद्धतीमुळे, तसेच सीसाउंड या ध्वनिनिर्मितीच्या मुक्त कार्यक्रमामुळे, कागदावरचे व्याकरण प्रत्यक्ष ऐकता येऊ लागले. या आवृत्तीतील सर्वांत उपयुक्त कल्पना काळाविषयीची आहे : महिरपी कंसात ‘सा रे, ग म प’ असे लिहिले की स्वल्पविरामाच्या दोन्ही बाजूंचे गट एकाच अवकाशात बसवले जातात, म्हणजे दोनावर तीन अशी जी लय तबलजी ‘आड’ म्हणून ओळखतो ती यंत्र स्वतः हिशेब करून मांडते, आणि असे कंस एकमेकांत कितीही गुंतवता येतात. स्वरांची नावे युरोपीय पद्धतीप्रमाणेच सा, रे, ग अशा भारतीय पद्धतीनेही देता येतात. आंद्रेईन बेल यांच्या ‘क्रोनोस’ या नृत्यरचनेसाठी या सॉफ्टवेअरवर रचलेले संगीत १९९४ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय संगीत-नाट्य केंद्रात, म्हणजे एनसीपीएमध्ये, सादर झाले. गायकाच्या स्वराची हालचाल मोजणाऱ्या यंत्राच्या साहाय्याने बर्नार्ड बेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याआधीच याच संस्थेशी निगडित संशोधन केलेले होते, त्यामुळे मुंबईशी असलेला हा संबंध योगायोगाचा नव्हता.

पुढे मूळ संहिता खुली करण्यात आली आणि आजची तिसरी आवृत्ती मॅक, विंडोज व लिनक्स या तीनही प्रणालींवर चालते. जुन्या संगणकासाठी लिहिलेला कार्यक्रम नव्यावर आणताना रचना तीच निघते की नाही हे पाहण्यासाठी जुनी व्याकरणे पुन्हा चालवावी लागतात, आणि इथे एक तांत्रिक अडचण येते : नियमांची निवड जिथे सोडतीसारखी होते तिथे प्रत्येक वेळी वेगळा पलटा निघणार, मग चूक ओळखायची कशी? त्यासाठी सोडतीचा आरंभबिंदू, ज्याला ‘बीज’ म्हणतात, कायम ठेवला जातो. बीज तेच असेल तर निवडींचा क्रम तोच राहतो आणि निकालातील फरक हा कार्यक्रमातील फरक ठरतो. ही चाचणी यंत्र एकटे करू शकते. मात्र तिने सिद्ध होते ते इतकेच की कार्यक्रम पूर्वीसारखा वागतो. तो संगीताला धरून वागतो की नाही, याचा निवाडा तिच्या कक्षेबाहेर राहतो.

बेल यांचे ओव्यांचे काम या पार्श्वभूमीवर पाहण्यासारखे आहे. समाजशास्त्रज्ञ गी प्वातव्हँ आणि हेमा राईरकर यांनी पुण्याच्या सेंटर फॉर को-ऑपरेटिव्ह रिसर्च इन सोशल सायन्सेस या संस्थेमार्फत महाराष्ट्रातील एक हजाराहून अधिक गावांतून जात्यावरच्या एक लाखापेक्षा जास्त ओव्या गोळा केल्या. त्यांची संगणकीय सूची उभारण्यात आणि १९९० च्या दशकात सुमारे १२० तासांचे ध्वनिमुद्रण करण्यात बेल यांचा मोठा वाटा होता. पूर्णा तालुक्यातील ताडकळस येथे गंगूबाई अंबोरे यांच्या ओव्या १९९६ मध्ये ध्वनिमुद्रित झाल्या, आणि पी. साईनाथ यांच्या ‘पारी’ (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या संकेतस्थळाने २०१७ पासून या संग्रहाचे प्रकाशन हाती घेतल्यावर त्यांचा आवाज जगभर पोहोचला. परभणी जिल्ह्याच्या दृष्टीने या परंपरेला वेगळे वजन आहे, कारण जिच्या नावाशी जाते कायमचे जोडले गेले त्या संत जनाबाईंचे जन्मस्थान याच जिल्ह्यातील गंगाखेड मानले जाते.

ओवीतही नियम आहेत. तिचा गाभा दोन ओळींचा असतो, परंतु दळताना ‘बाई’, ‘गं’, ‘सांगते तुला’ अशी पालुपदे मध्ये घालून आणि ओळीचा तुकडा पुन्हा उचलून ती जात्याच्या फेऱ्यांवर लांबवली जाते, आणि या लांबवण्याच्या प्रत्येक धाटणीला बायका ‘गळा’ म्हणतात. असे असले तरी ओवीसाठी उभे राहिले ते रचना घडवणारे यंत्र नव्हे, तर ओवी, गाणारीण, गाव आणि विषय यांचा मेळ राखणारी सूची. याचे कारण ओवीच्या स्वरूपातच दिसते. पलट्याचे बोल त्या अर्थाने कोणाविषयी काही सांगत नाहीत, त्यामुळे त्यांची उलटापालट यंत्रावर सोपवता येते. ओवीत मात्र सीतेचा वनवास सांगता सांगता सासुरवास सांगितला जातो, आणि तो कोण सांगते आहे हा ओवीचाच भाग असतो. एका परंपरेत यंत्राने रचावे आणि माणसाने पारखावे हे शक्य होते. दुसरीत यंत्राने ऐकलेले विसरू नये, एवढीच त्याची भूमिका उरते.

आज परभणीतील एखाद्या विद्यार्थ्याला साध्या संगणकावर बोल प्रोसेसर उतरवून घेता येईल, त्यात गुरूकडून शिकलेल्या कायद्याचे किंवा आजीकडून ऐकलेल्या गळ्याचे व्याकरण लिहून पाहता येईल आणि नियम चुकला तर मूळ संहितेपर्यंत जाऊन तो दुरुस्तही करता येईल. त्यासाठी पैसे लागत नाहीत आणि परवानगीही लागत नाही. परंतु गावोगाव पिठाच्या गिरण्या आल्यानंतर जाते बाजूला पडले, आणि ‘हा गळा असा नाही’ असे ऐकताक्षणी सांगू शकणाऱ्या बायका आता वयाने थकल्या आहेत. सॉफ्टवेअर जुने झाले तर नव्या संगणकासाठी पुन्हा लिहिता येते, हे बोल प्रोसेसरच्या तीन आवृत्त्यांनी दाखवले. लखनौच्या प्रयोगात उस्तादांनी जे परीक्षकाचे काम केले ते ओवीसाठी करून घ्यायचे असेल, तर त्याला मात्र मुदत आहे.