पुन्हापुन्हा मुरगळणारा घोटा

गड उतरताना पाय बहुधा आतल्या बाजूला मुरगळतो आणि घोट्याच्या बाहेरच्या अंगाचे अस्थिबंध ताणले जातात. सूज ओसरते, दुखणं थांबतं, आणि आपण पुन्हा सॅक पाठीला लावतो. चूक इथेच होते. अस्थिबंध नुसते हाडं बांधून ठेवत नाहीत; पाऊल किती कललंय याची खबर ते मेंदूला देत असतात. दुखापतीनंतर ती खबर नीट पोचत नाही, पोटरीच्या बाहेरचे स्नायू वेळेत आवळत नाहीत, आणि सपाट रस्त्यावरच्या बारक्या खड्यावरूनही पाय वळतो. नुसतं क्रेप बँडेज गुंडाळून हे सुधारत नाही.

दात घासताना दुखऱ्या पायावर ३० सेकंद उभं राहून बघा. घोटा थरथरतो, बोटं फरशी धरू पाहतात. हाच व्यायाम. जमला की डोळे मिटून, पण भिंतीला हात पोचेल अशा जागी. मग घडी घातलेल्या चादरीवर. जोडीला टाचा सावकाश उचलणं. रोज, निदान ६ आठवडे. कंटाळा येतो, तरी सोडू नका.

मुरगळल्यावर ४ पावलंही टाकता आली नाहीत किंवा घोट्याचं हाड दाबल्यावर कळ आली, तर मात्र आधी डॉक्टर आणि एक्स-रे.