शंभरी ओलांडली, तरी एकदम फिट!

मोबाइल दोन वर्षांत जुना वाटायला लागतो ना? मग हे ऐका. अमेरिकन लष्करानं १९११ मध्ये घेतलेलं एक पिस्तूल तब्बल ७४ वर्षं ड्यूटीवर होतं. नाव साधंच, एम १९११. डिझायनर जॉन ब्राउनिंग.

त्यामागची गरज मात्र जिवाशी निगडित होती. फिलिपिन्समधल्या लढाईत .३८ रिव्हॉल्व्हरची गोळी लागूनही अंगावर येणारा माणूस थांबत नव्हता. म्हणून लष्कराला हवी होती जाडजूड .४५ची गोळी. १९११च्या चाचणीत ६,००० गोळ्या झाडल्या गेल्या. पिस्तूल तापलं की पाण्यात बुडवायचं आणि पुन्हा सुरू! स्पर्धक सॅव्हेजचं पिस्तूल ३७ वेळा अडलं, ब्राउनिंगचं एकदाही नाही.

गोम आतल्या रचनेत आहे. गोळी सुटताना नळी आणि वरची स्लाइड एकमेकींत अडकलेल्या असतात. दोघी जराशा मागे सरकतात, मग नळी खाली झुकून सुटी होते आणि स्लाइड एकटीच मागे जाऊन रिकामं काडतूस बाहेर फेकते. आजच्या ग्लॉकसह बहुतेक सर्व्हिस पिस्तुलांत मूळ आयडिया हीच!

तोटे? मॅगझिनमध्ये फक्त सात गोळ्या आणि वजन किलोभराहून जास्त. १९८५ मध्ये १५ गोळ्यांचं बेरेटा आलं. तरीही २०१२ मध्ये यूएस मरीन्सनी कोल्टकडून याचंच नवं मॉडेल मागवलं.

जीव घेण्यासाठी बनलेल्या वस्तूला ‘सुंदर’ म्हणावं का, हा प्रश्न उरतोच. पण ऐन वेळी दगा न देणं, हेच त्याचं खरं स्टाइल स्टेटमेंट.