दुकान मोबाईलवर, हिशोब मात्र वहीत



गेल्या गणपतीत कार्यक्रमाच्या वेळी आपल्या एका वहिनींनी नथ, ठुशी आणि मोत्यांच्या बांगड्यांचे टेबल मांडले होते. दोन तासांत टेबल रिकामे झाले. तेव्हापासून बऱ्याच घरांतून एकच प्रश्न ऐकू येतो, "हेच मोबाईलवरून वर्षभर विकले तर?" विचार चांगला आहे. पण आपण इथे नोकरीच्या किंवा यजमानांच्या व्हिसावर राहतो. नियमांत चूक झाली तर निस्तरायला सगळे घर लागते. म्हणून थोडी माहिती देत आहे.

पहिली गोष्ट परवान्याची. इन्स्टाग्रामवर फोटो टाकून माल विकणे हाही व्यापारच आहे. ऑनलाइन व्यापारासाठी २०२३ साली स्वतंत्र केंद्रीय कायदा (क्रमांक १४) झाला. दुबईचा २०१७ पासूनचा 'ई-ट्रेडर' परवाना स्वस्त आहे, पण त्यावर आपल्यासारख्या परदेशी रहिवाशांना सेवा देता येते, वस्तू विकता येत नाहीत. वस्तू विकायच्या तर फ्री झोनचा किंवा आपल्या अमिरातीच्या आर्थिक विभागाचा ई-कॉमर्स परवाना लागतो. २०२१ पासून फ्री झोनबाहेरच्या बहुतेक व्यवसायांना स्थानिक भागीदाराची सक्ती राहिलेली नाही. अॅमेझॉन किंवा नूनवर विक्रेता व्हायचे तरी परवाना आणि बँकेचे खाते मागतात. नोकरी करणाऱ्यांनी कंपनीचे ना-हरकत पत्र लागते का, तेही आधी विचारावे. चकली-लाडू विकायचे असतील तर नगरपालिकेच्या अन्नसुरक्षेचे नियम वेगळे आहेत. त्यांची चौकशी केल्याशिवाय घरच्या गॅसवर ऑर्डरी घेऊ नयेत.

दुसरी गोष्ट हिशोबाची. समजा, नथ ६० दिरहमला विकली. खरेदी २०, आणण्याचा खर्च आणि कस्टम ६, डबी ३, कुरिअर १८, कार्डाचे कमिशन ३. एकूण खर्च ५०, हातात उरले १०. परवान्याला समजा वर्षाला ६,००० दिरहम पडले, तर फक्त तेवढे वसूल व्हायला ६०० नथी विकाव्या लागतील! हॉलमधल्या टेबलाला यातला कुरिअर, कमिशन आणि परवाना यांचा खर्च धरलेला नसतो, म्हणून तिथला नफा मोठा वाटतो. बारा महिन्यांची विक्री ३,७५,००० दिरहमच्या पुढे गेली की व्हॅटची नोंदणी सक्तीची आहे. व्हॅट २०१८ पासून ५ टक्के आहे.

तिसरी गोष्ट पोहोचवण्याची. इथे अनेक गिऱ्हाइकांना माल हातात आल्यावरच पैसे द्यायची सवय आहे. दारात "नको" म्हटले की जाण्या-येण्याचे कुरिअर आपल्या माथी. वरच्या हिशोबात एक पार्सल परत आले की जवळजवळ चार नथींचा नफा गेला. दुबईतील गिऱ्हाइकाकडून पत्त्याबरोबर इमारतीचा दहा आकडी 'मकानी' क्रमांक जरूर घ्यावा, म्हणजे "कुठल्या मशिदीजवळ?" असे फोन ड्रायव्हरला करावे लागत नाहीत.

हे सगळे वाचून कुणी धीर सोडू नये. श्री. धनंजय दातार यांच्या 'अल अदिल'ची सुरुवात १९८४ साली दुबईत त्यांच्या वडिलांच्या एका लहानशा दुकानातूनच झाली. आज तिथला मसाला आपल्या बहुतेकांच्या घरी असतो.

मग सुरुवात कशी करावी? वेबसाईट सर्वांत शेवटी. आधी तीन-चारच वस्तू निवडा, प्रत्येकीचा वरच्यासारखा हिशोब वहीत लिहा. नफा उरत नसेल तर किंमत बदला किंवा वस्तू बदला. तीन-चार मैत्रिणींनी मिळून एकच परवाना घेता येईल का, हेही विचारून पाहावे. खर्च वाटला जाईल. परवाना हातात आल्यावरच पहिली ऑर्डर घ्या.

वहिनींनी वही घातली आहे. पुढच्या गणपतीत त्या टेबल मांडतात की मोबाईल उघडतात, ते पाहूच!