कमिशन शून्य, फरक कायम

मनी चेंजरच्या काउंटरवर ‘आज डॉलरचा रेट काय?’ असं विचारलं, की उत्तराऐवजी प्रश्न येतो : ‘घ्यायचेत की द्यायचेत?’ कारण रेट एक नसतोच. भिंतीवरच्या पडद्यावर प्रत्येक चलनापुढे दोन आकडे असतात, ‘बाय’ आणि ‘सेल’. ते दुकानदाराच्या बाजूने वाचायचे. ‘बाय’ म्हणजे तो आपल्याकडून घेईल तो भाव, ‘सेल’ म्हणजे आपल्याला देईल तो. दुकानाचं भाडं, पगार, विमा, नफा हे सगळं या दोन आकड्यांच्या फरकातून निघतं. त्याच पडद्याखाली ‘झीरो कमिशन’ची पाटी असली तरी ती खोटी म्हणता येत नाही. कमिशन वेगळं लावलेलं नसतं, भावात आधीच धरलेलं असतं.

पुण्यात जंगली महाराज रस्त्याच्या परिसरातल्या अशाच एका ओळखीच्या दुकानात मी दुपारभर काउंटरच्या आतल्या बाजूला खुर्ची टाकून बसलो होतो. परदेशी शिकायला निघालेल्या मुलांचा सीझन होता. त्या गर्दीत एक काकू मुलीकडे अमेरिकेला निघाल्या होत्या. पासपोर्ट, व्हिसा, तिकीट, पॅन कार्ड अशी सगळी कागदपत्रं प्लास्टिकच्या पिशवीत नीट लावलेली. ‘हजार डॉलर हवेत, नोटाच द्या,’ म्हणाल्या आणि पर्समधून रोख रक्कम काढू लागल्या.

‘काकू, पन्नास हजारांच्या वर कॅश चालत नाही. चेक द्या किंवा बँकेतून ट्रान्सफर करा,’ काउंटरवरचा मुलगा म्हणाला. हा दुकानाचा हट्ट नव्हे, रिझर्व्ह बँकेचा नियम आहे.

हिशेब कसा होतो, ते गोल आकड्यांत पाहू. समजा, बाजारात डॉलर 90 रुपयांना आहे. दुकानाचा सेल रेट 91.20. हजार डॉलरचे झाले 91,200 रुपये. म्हणजे बाजारभावापेक्षा 1,200 जास्त. हे 1,200 बिलावर कुठल्याच ओळीत दिसत नाहीत. दिसतो तो जीएसटी, 164 रुपये. काकूंनी नेमकं त्यावरच बोट ठेवलं : ‘हे कसले?’ मुलाने शांतपणे समजावलं. न दिसणाऱ्या रकमेबद्दल मात्र कुणी विचारलं नाही. त्या दुपारी इतर गिऱ्हाइकांपैकीही कुणी विचारताना ऐकलं नाही.

सरकारलाही फी अशी भावात दडलेली असण्याची कल्पना आहे. म्हणूनच जीएसटीच्या नियमांत चलनबदलासाठी एक ठोक पट्टी दिली आहे. एक लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारात रकमेचा एक टक्का, पण किमान 250 रुपये, ही सेवेची किंमत धरायची आणि तिच्यावर 18 टक्के कर लावायचा. लाखाच्या पुढे दहा लाखांपर्यंत 1,000 रुपये अधिक वरच्या रकमेवर अर्धा टक्का. दुकानदाराने प्रत्यक्षात किती कमावले, याचा या पट्टीत प्रश्नच येत नाही. किमान रकमेची मेख छोट्या गिऱ्हाइकाला लागते. परदेशातून आलेला एक तरुण वीस डॉलरची एकच नोट मोडायला आला होता. बाय रेट 88.50 धरला तर त्याचे 1,770 रुपये होतात आणि त्यातून 45 रुपये कर जातो, म्हणजे अडीच टक्के. काकूंच्या हजार डॉलरवर हाच कर पाव टक्काही नव्हता.

घेणं आणि मोडणं यांतलं अंतर इतकं का, हे नोटा हाताळताना पाहिलं की कळतं. परतलेल्या एका गृहस्थांचा गठ्ठा आधी यंत्राने मोजला, मग एकेक नोट जांभळ्या दिव्याखाली गेली. शंभर डॉलरच्या नोटेतली पट्टी गुलाबी चमकते, पन्नासची पिवळी, वीसची हिरवी. एका नोटेवर पेनाने काहीतरी लिहिलेलं होतं. ती बाजूला काढली, ‘हिला रेट कमी लागेल’. नाणी तर सरळ परत केली. घेतलेली नोट पुन्हा विकली जाईपर्यंत पैसा अडकून राहतो आणि तेवढ्यात भाव खाली आला तर तोटा दुकानाचा. डॉलर, दिरहम लगेच उठतात, म्हणून त्यांच्यातला फरक कमी. क्वचित मागणी असलेलं चलन गल्ल्यात पडून राहतं, त्यात फरक मोठा. सोनाराकडे दागिना मोडताना घट धरतात, तसाच हा प्रकार. विमानतळावर तर जागेचं भाडं जबर आणि गिऱ्हाईक घाईत, त्यामुळे तिथला भाव सहसा सगळ्यात वाईट.

कार्डाने हे सुटत नाही, फक्त खर्चाचं नाव बदलतं. भारतीय बँकांची अनेक कार्डं परदेशातल्या खर्चावर दोन ते साडेतीन टक्के ‘मार्कअप’ आणि त्यावर जीएसटी लावतात. तिथल्या दुकानातलं यंत्र ‘रुपयांत की स्थानिक चलनात?’ असं विचारतं. रुपयांत म्हटलं, की भाव ठरवण्याचा अधिकार समोरच्याकडे जातो. स्थानिक चलनच निवडावं.

दुकानं पडताळून पाहायची तर कमिशन विचारण्यात अर्थ नाही. आपल्याला हवा तो नेमका आकडा सांगावा आणि ‘सगळं धरून मला किती द्यावे लागतील?’ एवढंच विचारावं. मोडताना ‘हातात किती पडतील?’ पक्की पावती घ्यावी. आणि उरलेले डॉलर लगेच मोडायलाच हवेत असं नाही. 2,000 डॉलरपर्यंतच्या नोटा जवळ ठेवायला परवानगी आहे, त्यावरच्या मात्र परतल्यापासून 180 दिवसांत परत करायच्या. पुन्हा जायचं असेल तर घरातच ठेवलेले बरे. काकूंनी तीनशे डॉलर परत आणून मोडले तर आजच्या हिशेबाने 810 रुपये केवळ भावातल्या फरकाचे जातील, वर पुन्हा जीएसटी.

हे मला काउंटरवरच्या त्या मुलानेच सांगितलं. दुकानाचा मालक तेव्हा जेवायला गेला होता.