भ्रमणध्वनीचे दार

लग्नपत्रिका वा वाहतूक दंडाची पावती म्हणून व्हॉट्सॲपवर 'एपीके' फाइल येते. ती बसवून लघुसंदेश वाचण्याची अनुमती दिली, की बँकेचा ओटीपी परस्पर चोराच्या हाती जातो. अँड्रॉइड ही मुक्त प्रणाली; अधिकृत भांडाराबाहेरील ॲपलाही ती, आपण संमती दिल्यास, दार उघडते. (स्वस्त फोन आदिलाबादच्या खेड्यांत पोहोचले, तेही याच मोकळेपणामुळे!) आयफोन बंदिस्त, म्हणून ही फाइल तेथे चालत नाही. तथापि २०१६ मध्ये पेगॅसस त्यातही शिरू शकतो हे उघड झाले. आणि बंद घरात शिरलेला चोर तपासनिसालाही सहजी दिसत नाही. आपल्या फोनमध्ये तर रुग्णांचे अहवाल असतात. अशी फाइल बसवली गेलीच, तर इंटरनेट तत्काळ बंद करून दुसऱ्या फोनवरून बँकेस व १९३० या क्रमांकावर कळवावे.