घडीचा चाकू घेताना आधी खटका बघा

भुसावळहून प्रश्न आलाय: रोज खिशात ठेवायला स्वस्त, हलका चाकू कुठला घ्यावा?

मी उलट विचारतो, कापायचंय काय? आपल्याकडे पार्सलची टेप, सुतळी, ठिबकची नळी, फार तर केळ्यांची फणी. त्याला ३ इंचांचं पातं भरपूर झालं.

चमक बघू नका भो, खटका बघा. पातं उघडा, बोटं बाजूला ठेवा आणि पात्याची पाठ लाकडावर हलकेच दाबा. मिटायला लागलं तर तिथंच परत द्या, कारण उद्या ते तुमच्या बोटांवर मिटेल. फ्रान्सच्या ओपिनेलचा ८ नंबर मला आवडतो. पातं ८.५ सेंटीमीटर, वजन साधारण ४५ ग्रॅम. मुठीवरची कडी फिरवली की पातं जाम. ही कडी १९५५ पासूनची. फक्त लाकडी मूठ पावसाळ्यात फुगते, मग उघडताना नखं दुखतात! शिवाय केळीच्या चिकानं कार्बन स्टील काळं पडतं, म्हणून स्टेनलेसचाच घ्या.

बटणाचा रामपुरी नकोच. घरकाम-शेतीची अवजारं सोडली, तर ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पातं शस्त्र कायद्यात येतं. लहान पात्यावरही निर्धास्त राहू नका. सणावाराला, निवडणुकीत महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघतो, तेव्हा चाकू बाळगून फिरता येत नाही. तेवढे दिवस तो घरीच, भरताच्या वांग्यांशेजारी.