थोरलीचा भागाकार आणि धाकट्याचे चिडीचूप डबे

सकाळचे साडेनऊ. थोरली मोठा भागाकार घेऊन बसली आहे. तिसऱ्यांदा बाकी चुकली आहे, डोळे भरून यायच्या बेतात आहेत. तुम्ही तिच्या शेजारी बसून ‘आता वरचा आकडा खाली घे’ म्हणता आणि नेमकं त्याच क्षणी साडेतीन वर्षांचं ध्यान येतं. आधी पाणी हवं असतं. मग शू. मग ताईचं खोडरबर. आणि शेवटी ते वहीवरच फतकल मारून बसतं.

तुमची मुलं शाळेत जात असतील तर हा प्रसंग सुट्टीत किंवा गृहपाठाच्या वेळी येत असेल. आमच्याकडे तो रोजचा होता, कारण आमची मुलं घरीच शिकतात. बदलीच्या नोकरीमुळे गावं बदलत राहिली, प्रत्येक गावात नवी शाळा आणि नवी दुसरी भाषा. शेवटी आम्ही थोरलीला घरी शिकवायचं ठरवलं. तिला शिकवणं मला जमत होतं. तिला शिकवताना धाकट्याचं काय करायचं, हे मात्र मला कुणी सांगितलं नव्हतं.

खरं सांगते, पहिले दोन महिने उत्तर मोबाइल होतं. वीस मिनिटांसाठी दिलेला मोबाइल काढून घेताना चाळीस मिनिटं रडणं चाले. आणि एक दिवस थोरली म्हणाली, “आई, तो आला की तू माझ्याकडे बघतच नाहीस.” त्या रात्री मी स्वयंपाकघरातले रिकामे डबे खाली काढले.

डबा म्हणजे नक्की काय?

कल्पना जुनी आहे. एका डब्यात एकच काम, लागणारं सगळं सामान त्यातच, आणि ते काम लहान मुलाला मोठ्यांच्या मदतीशिवाय करता यावं. काम करताना आवाज होऊ नये आणि चुकलं तर मुलाला स्वतःच कळावं. आमच्या घरात त्यांना ‘चिडीचूप डबे’ म्हणतात. सोमवार ते शुक्रवार, पाच डबे, रोज एक. ताईचं दप्तर उघडलं की डबा खाली येतो, दप्तर मिटलं की डबा वर जातो. डबा दिवसभर हाताशी राहिला तर तिसऱ्या दिवशी त्याची किंमत शून्य होते. हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगते. पहिल्या आठवड्यात उत्साहाने पाचही डबे एकदम खालच्या फळीवर मांडले होते. मंगळवारपर्यंत पाचांची खिचडी झाली होती.

यासाठी बाजारातून महागडा संच आणायची गरज नाही. मारिया माँटेसरींनी 1907 मध्ये रोममध्ये पहिलं बालगृह सुरू केलं, तेव्हापासून ‘मुलाच्या हाताला नेमकं काम द्या’ हा विचार जगभर गेला. 1939 मध्ये त्या स्वतः भारतात आल्या आणि चेन्नईजवळ अड्यारला त्यांनी शिक्षकांचे वर्ग घेतले. पण आपल्याकडे त्या विचाराला मातीचा वास दिला तो गिजुभाई बधेका, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी. ताराबाईंनी 1945 मध्ये बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी बालवाडीचं काम सुरू केलं. परदेशी साधनं परवडणारी नव्हती. मग शंख-शिंपले, खडे, बिया, पानं हीच साधनं झाली. आपल्या घरातले चिंचोके, चिमटे आणि जुन्या लग्नपत्रिका त्याच परंपरेतल्या, असं मी स्वतःला समजावते. कपाट आवरायचा कंटाळा आला की हे फार उपयोगी पडतं.

सगळ्यात यशस्वी डबा: टिकल्या

आईच्या पर्समध्ये, आजीच्या आरशावर, प्रत्येक घरात टिकल्यांची पाकिटं असतातच. जाड कागदावर स्केचपेनने एक मोठी रेघ काढा. आधी सरळ, मग नागमोडी, मग गोगलगाईसारखी गोल. मुलाने पाकिटावरची एकेक टिकली सोडवून त्या रेघेवर चिकटवत जायचं. टिकली कागदापासून सोडवायला अंगठा आणि तर्जनी यांची जी नेमकी चिमूट लागते, तीच पुढे पेन्सिल धरायला लागते. आवाज अजिबात नाही. आमच्याकडे हा डबा सलग पंचवीस मिनिटं चालला आहे. साडेतीन वर्षांच्या मुलासाठी ही चैनच. एरवी दहा-पंधरा मिनिटं धरून चाला आणि थोरलीचा अवघड भाग त्या दहा मिनिटांत बसवा. वाचन, चित्रं, पाढे म्हणणं हे गडबडीतही होतं.

टिकल्या फार बारीक घेऊ नका. रुपयाच्या नाण्याएवढ्या मिळाल्या तर उत्तम. आणि हो, पहिल्या दिवशी काही टिकल्या भिंतीवर जातील. आमच्या फ्रीजला अजून कुंकू लावलेलं आहे.

दुसरा डबा लग्नपत्रिकांचा. जाड पत्रिकेवरच्या गणपतीच्या किंवा कलशाच्या कडेने पंचिंग मशिनने भोकं पाडा आणि बुटाची नाडी ओवायला द्या. नाडीचं टोक झिजलं असेल तर त्याला सेलोटेप गुंडाळून कडक करा, नाहीतर दर मिनिटाला ‘आई, जात नाहीये’ ऐकाल आणि सगळा हेतूच फसेल. भोकं दहा-बाराच ठेवा. मी पहिल्यांदा हौसेने चाळीस पाडली होती. पाचव्या भोकाला त्याने पत्रिका सोफ्याखाली सरकवली.

तिसरा चिमट्यांचा. रंगाच्या दुकानात भिंतीच्या रंगांची नमुनापत्रं मिळतात. त्याच रंगांचे कपड्यांचे चिमटे त्या त्या पट्टीवर लावायचे. नवा चिमटा लहान बोटांना फार घट्ट असतो. गच्चीवर उन्हापावसात सैल झालेले घ्या. मात्र तडकलेला प्लॅस्टिकचा चिमटा नको, त्याची स्प्रिंग सुटून येते.

चौथा डबा माझ्या आवडीचा आहे, कारण त्यात माझं काम होतं. घरातल्या सगळ्यांचे धुतलेले मोजे. जोड्या लावा आणि गुंडाळून ठेवा. बाबांचा मोठा, ताईचा फुलांचा, स्वतःचा चिमुकला. एक मोजा मुद्दाम जोडीविना ठेवते. तो शोधण्यात आणखी पाच मिनिटं जातात.

पाचवा, फेल्ट कापडाचा. एक मोठा तुकडा पुठ्ठ्यावर ताणून चिकटवायचा आणि घर, झाड, सूर्य, बैलगाडी असे छोटे तुकडे कापून ठेवायचे. फेल्टवर फेल्ट आपोआप धरून राहतं. शिवणाच्या पुस्तकांत सगळीकडे वेल्क्रो सांगितलेलं असतं, मीही आधी तेच लावलं. पण वेल्क्रो काढताना होणारा चर्र आवाज साडेतीन वर्षांच्या मुलाला इतका आवडतो की मग चित्र राहतं बाजूला आणि नुसतंच चर्र, चर्र, चर्र. थोरलीचा भागाकार पुन्हा चुकला.

आवाजाचंच निघालं म्हणून सांगते, इडलीपात्र हे वस्तू वेगळ्या करायला फार छान साधन आहे. एकेका खळग्यात एकेक वस्तू. पण स्टीलवर काहीही टाकलं की ठणठण होतं. प्रत्येक खळग्यात जुन्या सुती साडीचा गोल तुकडा घाला, प्रश्न मिटतो.

राजम्याची गोष्ट

आता जे सांगते ते नीट वाचा. पाच डब्यांमधला एक सुरुवातीला कडधान्यांचा होता. राजमा, छोले आणि पांढरे वाटाणे एकत्र करून द्यायचे, मुलाने वेगवेगळ्या वाट्यांत निवडायचे. अनेक घरांत हे करतात. मीही दिलं आणि निर्धास्त होऊन थोरलीकडे वळले, कारण खोलीत शांतता होती. तीच शांतता मला फसवून गेली. दहा मिनिटांनी तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, “राजमा आत गेला.” डाव्या नाकपुडीत.

माझा पहिला हात भुवया कोरायच्या चिमट्याकडे गेला. नशिबाने शेजारच्या काकूंनी अडवलं. नाकात अडकलेली गुळगुळीत वस्तू चिमट्याने पकडायला गेलं की आणखी आत सरकते. शिवाय कडधान्य नाकातल्या ओलाव्याने फुगतं, त्यामुळे ‘संध्याकाळी बघू’ असंही म्हणता येत नाही. सरळ नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे जायचं. आमच्या डॉक्टरांनी दोन मिनिटांत राजमा काढला. घरी येईपर्यंत माझे पाय थरथरत होते आणि थोरली रिक्षात गप्प बसून होती. रात्री तिने विचारलं, “माझ्या भागाकारामुळे झालं का?” नाही गं बाई, म्हटलं, ते आईमुळे झालं. डबा मी भरला होता.

तेव्हापासून आमच्या डब्यांत नाका-तोंडात जाईल असं काही नसतं. राजम्याच्या जागी अख्खे मोठे अक्रोड आणि लाकडी चमचे आले. वस्तू केवढी चालेल याचा एक सोपा अंदाज आहे. टॉयलेट पेपर संपल्यावर उरते त्या पुठ्ठ्याच्या नळीतून जी वस्तू आरपार जाते, ती तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती द्यायची नाही. तीनच्या वरचं मूलही वस्तू तोंडात घालत असेल तर त्यालाही नाही. घरात रांगतं बाळ असेल तर हा नियम सगळ्या डब्यांना लावा, आमच्या आवडत्या टिकल्यांनासुद्धा.

काही वस्तू मात्र कुठल्याच वयाच्या डब्यात नकोत. बटणासारखे चपटे सेल गिळले गेले तर अन्ननलिकेला दोन तासांतसुद्धा गंभीर इजा करू शकतात. संशय आला तरी लगेच रुग्णालय गाठा. छोटी शक्तिशाली चुंबकं दोन गिळली गेली तर आतड्यात एकमेकांना खेचून धरतात. पाण्यात फुगणारे जेलीसारखे रंगीत मणी पोटात गेल्यावरही फुगतात. आणि आपल्याकडची खास गोष्ट म्हणजे गुंज. लाल-काळी, इतकी देखणी की मोजायला द्यावीशी वाटते, पण ती विषारी आहे. एरंडाची बीही तशीच. चिंचोके विषारी नसले तरी नाकात मावतात, म्हणून ते पाच-सहा वर्षांनंतर. विकतची खेळणी घ्याल तेव्हा आयएसआय चिन्ह बघा. 1 जानेवारी 2021 पासून आपल्याकडे खेळण्यांना ते सक्तीचं आहे.

डबा उघडण्याआधी

सगळ्यात मोठी चूक मी शेवटी दुरुस्त केली. डबा म्हणजे धाकट्याला बाजूला सारायची युक्ती, असं मी नकळत धरून चालले होते, आणि मुलांना ते बरोबर कळतं. आता क्रम उलटा आहे. ताईच्या अभ्यासाआधी पंधरा मिनिटं पूर्ण त्याची. मांडीवर घेऊन एक गोष्ट, थोडी कुस्ती, कणकेच्या गोळ्याचा एक साप. मोबाइल दुसऱ्या खोलीत. पोट भरलेलं मूल जसं ताटावरून आपणहून उठतं, तसा तो मग उठतो आणि विचारतो, “आज कुठला?”

नवा डबा पहिल्यांदा देताना मी न बोलता एकदा सगळं करून दाखवते. उघडायचं, मांडायचं, करायचं, परत भरायचं. बोलत बोलत दाखवलं तर तो माझ्या तोंडाकडे बघतो, हाताकडे नाही. डबा ताईच्याच टेबलाशी, जमिनीवर छोट्या चटईवर. दुसऱ्या खोलीत पाठवलं तर तो दोन मिनिटांत परत येतो. आणि राजम्यानंतर मलाही तो नजरेसमोरच हवा असतो.

हे रोज जमतं असं समजू नका. ताप असला, पाहुणे आले, रात्री झोप झाली नाही की डबा भिरकावला जातो. अशा दिवशी भागाकार बंद करून आम्ही तिघं भाजी आणायला जातो. घरी शिकवण्यात एवढी सोय तर असावी.

शनिवारी रात्री मी डबे तपासते, तुटलेलं काढते, एखादा बदलते. हल्ली थोरलीही बसते सोबत. गेल्या आठवड्यात फेल्टची बैलगाडी तिनेच कापली. चाकं दोन कापायची तर तिने आठ कापली, चार गाड्यांना दोन-दोन म्हणे, बाकी शून्य. चिमटे मात्र दहाचे आठच भरले. दोन बहुतेक फ्रीजखाली आहेत.